दगडाची फट आणि तिचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर कुणी मुलांच्या संगोपनावर बोलल्या, कुणी अल्पबचतीवर, कुणी काशीयात्रेवर. या खेपेस चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. "तुझी थोरली म्हणे दगडाच्या फटींचा अभ्यास करते. ते एकदा आम्हांला समजावून सांग," असे त्या म्हणाल्या. मी सातवी शिकलेली बाई. पण मुलगी सुट्टीत घरी आली की ओट्याशेजारच्या टेबलावर संगणक मांडून बसते, आणि मी पोळ्या लाटता लाटता तिला प्रश्न विचारते. तिने माझ्या भाषेत जे सांगितले तेच मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटी तो आपल्या वरच्या वाडीच्या चौदा उंबऱ्यांपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून थोडा धीर धरून ऐकावे अशी विनंती आहे.

हळदीकुंकवाला एका काकूंनी मला विचारले होते, "अगं, दगड फुटतो तो फुटतो. त्यात शिकायचे काय?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

कापडाच्या दुकानात आपण सगळ्याच जातो. दुकानदार कापड मोजून घेतो, काठाशी कात्रीने एक बारीकसा छेद देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. तो छेद दिला नाही, तर तेच कापड ओढून ओढून हात दुखतील पण फाटणार नाही. म्हणजे कापडाची ताकद गेली ती त्या अर्ध्या इंचाच्या छेदाने. ओढ सगळ्या कापडभर होती, पण ती छेदाच्या टोकाशी येऊन गोळा झाली. शिंपी हे जाणतो, म्हणून कुर्त्याच्या बाजूच्या कटाच्या टोकाशी दोनचार जादा टाके घालतो. दगडाचेही असेच असते. कुठलाही दगड अगदी निर्दोष नसतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि जो काही ताण येईल तो त्या चिरांच्या टोकाशी एकवटतो.

ही गोष्ट प्रथम नीट मांडली ती ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअराने. त्याचा निबंध 1921 साली छापला गेला. त्याने प्रयोग केले ते काचेवर. काच कणाकणाने पाहिली तर फार बळकट असायला हवी, मग प्रत्यक्षात ती इतकी लेचीपेची का, असा त्याचा प्रश्न होता. त्याने काचेचे तंतू ओढले, तेव्हा जितका तंतू बारीक तितका तो जाडीच्या मानाने बळकट निघाला. बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही, हे त्याचे कारण. मग फट केव्हा वाढते आणि केव्हा गप्प राहते याचा त्याने एक नियम सांगितला. तो नियम म्हणजे निव्वळ घरचा जमाखर्च आहे.

ताणलेल्या दगडात शक्ती साठलेली असते, जशी ताणलेल्या रबरात असते. फट थोडी पुढे सरकली की आसपासचा दगड सैल पडतो आणि साठलेली शक्ती मोकळी होते. ही झाली जमा. पण फट पुढे सरकायची म्हणजे दगडाचे कण एकमेकांपासून तोडून दोन नवे पृष्ठभाग तयार करावे लागतात, आणि त्याला शक्ती लागते. हा झाला खर्च. जमा खर्चापेक्षा कमी असेल तोवर फट जागची हलत नाही. ज्या क्षणी जमा खर्चाला पुरी पडते, त्या क्षणी ती चालू लागते. आणि भगिनींनो, यातली भयंकर गोष्ट अशी की, फट जितकी लांब होते तितकी दर पावलाची जमा वाढत जाते, खर्च मात्र तेवढाच राहतो. म्हणून वर्षानुवर्षे स्वस्थ बसलेली फट एकदा निघाली की पुष्कळदा थांबत नाही. कपबशीच्या कानाला गेलेला बारीक तडा महिनोन्‌महिने तसाच असतो आणि एके दिवशी चहा ओतताना कान हातात येतो, ते याचमुळे.

आता थरांच्या दगडाकडे येऊ. आपला सह्याद्री हा एकसंध दगड नव्हे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस वाहून आला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला, असे थरावर थर बसले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. घाटातून एसटीने जाताना डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातकट दगडाची पट्टी असते. विहीर खणणाऱ्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक असते. वर मुरूम, मग काळा पाषाण, मग भोकाभोकांचा मऊ खडक, मग तांबडा थर, मग पुन्हा पाषाण.

अशा थरांच्या दगडात फट चालत चालत दोन थरांच्या सांध्याशी आली की तिच्यापुढे तीन वाटा असतात. सरळ पलीकडच्या थरात घुसायचे, तिथेच थांबायचे, किंवा वळून सांध्याच्या कडेकडेने जायचे. पापड मोडला तर कडकन दोन तुकडे होतात. चिरोटा मोडून पाहा, तो तसा एका झटक्यात मोडत नाही. फट एका पदरात शिरते, पदर सुटतो, ती आडवी जाते, पुन्हा खालच्या पदरात उतरते. इंग्लंडात कुक आणि गॉर्डन या दोघांनी 1964 साली याचे गणित मांडले. फट सांध्यापाशी पोहोचण्याआधीच तिच्या पुढ्यात सांध्याला उकलवणारा ताण उत्पन्न होतो. तो मुख्य ताणाच्या सुमारे पाचवा हिस्सा असतो. सांध्याची ताकद याहून कमी असली, तर फट येण्यापूर्वीच सांधा उकलतो आणि आलेली फट त्यात पडून बोथट होते. म्हणजे कच्चा सांधा हा काही वेळा वस्तूला वाचवतो. घरातही असे पाहिलेले आहे ना आपण? जी जरा नमते घेते तिच्यामुळेच भांडण पुढच्या खोलीत जात नाही!

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. दोन थरांच्या कडकपणातही फरक असतो. कडक थरातून निघालेली फट मऊ थराजवळ येऊ लागली की तिला जास्त जोर येतो, आणि मऊ थरातून कडक थराकडे येऊ लागली की ती बिचकते. उलट मऊ थर चिकट असला किंवा सांधा सुटा असला, तर जोरात आलेली फटही तिथेच फसते. एक कारण तिला पुढे ढकलते, दुसरे मागे ओढते. शेवटी कोण जिंकते हे नुसत्या विचाराने सांगता येत नाही. आकडे घालूनच पाहावे लागते, आणि माझी मुलगी जे करते ते हेच.

तिची पद्धत मला कळली ती रांगोळीवरून. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो तशी ती संगणकावर दगडाच्या चित्रावर ठिपके मांडते आणि ते रेघांनी जोडून लहान लहान घरे करते. या रीतीला मर्यादित घटकांची पद्धत म्हणतात, आणि हे नाव 1960 साली क्लफ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने रूढ केले. एका ठिपक्याला ओढले की शेजारचा हलतो, त्याचा शेजारी त्याहून थोडा कमी हलतो. प्रत्येक ठिपक्यासाठी एक-दोन समीकरणे, आणि ठिपके हजारांनी, कधी लाखांनी. माणसाने मांडायचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. यंत्र ते करते. मग ती फटीच्या टोकाशी ग्रिफिथचा जमाखर्च पाहते. जमा पुरली तर फट एक पाऊल पुढे सरकवते आणि सगळी समीकरणे पुन्हा सोडवते. असे पावलापावलाने रात्रभर चालते.

यात अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, फटीच्या टोकाशी ठिपके जितके दाट मांडावेत तितका तिथल्या ताणाचा आकडा फुगत जातो, त्याला अंतच नाही. म्हणून नुसत्या ताणाच्या आकड्यावर विसंबायचे नाही, शक्तीचा जमाखर्चच पाहायचा. दुसरी अडचण अशी की, फट घरांच्या रेघांवरूनच जाऊ शकत असेल, तर ती दगडाच्या मर्जीने गेली की आपल्या रांगोळीच्या मर्जीने, हे कसे समजावे? 1999 साली अमेरिकेत बेलिट्स्को या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फटीला घराच्या मधून जाऊ देणारी रीत बसवली. दुसरी एक रीत कंडॉल या शास्त्रज्ञाची. त्यांनी 1971 साली खडकाकडे सुट्या ठोकळ्यांचा ढीग म्हणून पाहिले. पुढे गोल कण घेऊन, त्यांना एकमेकांशी चिकटवूनही असे हिशेब होऊ लागले. तो आपला राजगिऱ्याचा लाडू समजा. दाणे फुटत नाहीत, गुळाचे बंध तुटतात. एकेक बंध तुटता तुटता त्यांची ओळ लागते आणि त्या ओळीलाच आपण फट म्हणतो.

या गणिताने काही मिळते का, असे कुणी विचारील. एक उदाहरण देते. थरांच्या खडकात उभ्या फटी ठरावीक अंतरावर असतात. थर जाड असेल तर फटी दूर दूर, पातळ असेल तर जवळ जवळ. अंगण सारवताना पाहिले असेल, पातळ हात दिला की वाळल्यावर बारीक बारीक तडे जातात, जाड लेप दिला की मोठमोठ्या पोपड्या होतात. पण खडक ओढला जातच राहिला, तर फटी आणखी दाट का होत नाहीत? अमेरिकेत बाय आणि पोलार्ड यांनी 2000 साली हे संगणकावर मांडून पाहिले. दोन फटींमधले अंतर थराच्या जाडीच्या सुमारे बरोबरीने आले की मधल्या दगडावर ताणाऐवजी दाब येऊ लागतो, असे त्यांना दिसले. दाबलेला दगड उकलणार कसा? म्हणून नवी फट पडत नाही. डोळ्यांनी हा दाब कुणाला दिसला नसता. आणि याचा आपल्याशी संबंध नाही असे समजू नका. काळ्या पाषाणात विहिरीला पाणी लागते ते बहुतेक अशा फटींतून आणि सांध्यांतूनच.

दुसरे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राचेच आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता 6.3 धरतात. 175 च्या वर माणसे दगावली. 103 मीटर उंचीचे कोयना धरण फुटले नाही, पण त्याच्या वरच्या अंगाला आडवे तडे गेले. धरणाच्या आतील बोगद्यात बसवलेल्या यंत्राने त्या धक्क्याची नोंद केली होती. म्हणून कॅलिफोर्नियात चोप्रा आणि चक्रवर्ती यांना तीच नोंद घालून हिशेब करता आला, आणि 1973 साली तो प्रसिद्ध झाला. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार जिथे एकाएकी बदलतो, तिथे ताण सर्वांत जास्त येतो असे त्यातून निघाले. तडेही त्याच सुमारास गेले होते. कापडाचा छेद आठवा. जिथे आकार अचानक बदलतो तिथे ताण गोळा होतो. पुढे धरणाला मागून काँक्रीटचा जादा आधार देण्यात आला. तेव्हापासून जगात कुणीही तड्यांच्या गणिताची नवी रीत काढली की ती कोयनेच्या धरणावर लावून पाहण्याचा परिपाठ पडला आहे. माझी मुलगी म्हणते, "आई, परदेशातल्या पुस्तकात कोयनेचे चित्र पाहिले की मला माहेरची बाई भेटल्यासारखे वाटते." त्याच भागात गोठणे येथे 2016-17 मध्ये सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा खडक, आणि त्याखाली ग्रॅनाइट. खालचा दगड कसा आहे, त्यात फटी कशा आहेत, हे कळावे म्हणून हा खटाटोप.

आता पाण्याविषयी, कारण आपल्याकडे सगळे पाण्यापाशी येऊन थांबते. फटीत पाणी शिरले की ते दोन्ही बाजूंना ढकलते. किती ढकलते? यात एक गोष्ट मला मुलीकडून तीनदा समजून घ्यावी लागली. पाण्याचा दाब हा पाणी किती आहे यावर नसून ते किती उंच उभे आहे यावर असतो. दहा मीटर खोल फट काठोकाठ भरली, तर तिच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 10 टन दाब पडतो. फट हातभर रुंद असो की बोटभर, दाब तोच. हातभर फट भरायला पुष्कळ पाणी लागेल, बोटभर फट मात्र एका पावसात भरते. म्हणून "एवढीशी तर फट आहे" हे म्हणणे पाण्याच्या बाबतीत चालत नाही. शिवाय तांबड्या थरातून पाणी सहसा खाली झिरपत नाही. ते तिथे अडते आणि वाट मिळेल तिथून आडवे बाहेर पडते. डोंगराच्या अंगावर एकाच पातळीला झरे दिसतात त्याचे कारण पुष्कळदा हेच. वाट मिळाली नाही, तर ते वरच्या थराला उचलून धरते आणि थराची खालची पकड ढिली होते.

30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. ही नावे घेताना आवाज जड होतो. यांविषयी मुलीने मला एक गोष्ट बजावून सांगितली, ती मीही तुम्हांला बजावून सांगते. तिथे खाली आली ती मुख्यतः अतिवृष्टीने भिजलेली माती आणि झिजून सुटा झालेला खडक. अखंड दगडाच्या फटीचे गणित जसेच्या तसे तिथे लावता येत नाही. झिजलेल्या डोंगरासाठी मातीचे गणित निराळे असते. पण पाणी फटीत उभे राहते आणि पकड ढिली करते, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे.

आपल्याकडे "शितावरून भाताची परीक्षा" अशी म्हण आहे. दगडाच्या बाबतीत ती म्हण फसते. प्रयोगशाळेत वीतभर दगड घेऊन दाबला तर तो फार बळकट निघतो, कारण वीतभर तुकड्यात मोठी फट मावत नाही. डोंगर त्या मानाने कच्चा असतो. म्हणून नुसता तुकडा तपासून डोंगराबद्दल बोलता येत नाही. डोंगरावरच्या फटी डोंगरावर जाऊनच मोजाव्या लागतात. गणित कितीही सूक्ष्म असले, तरी त्यात कुठली फट कुठे आहे, ती किती खोल आहे हे घालायला कुणीतरी टेकडी चढून टेप धरलेला असावा लागतो. मग मी विचारले, "अगं, आपल्या वाडीवरचा डोंगर कोणत्या दिवशी खाली येईल ते तुझे यंत्र सांगेल का?" ती म्हणाली, "नाही आई. दिवस सांगता येणार नाही. आणि छातीठोकपणे जो दिवस सांगेल त्याच्यावर तू विश्वासही ठेवू नकोस. पण फट वाढते आहे की नाही, आणि वाढण्याचा वेग वाढतो आहे की नाही, एवढे पाहायला यंत्र लागत नाही."

भगिनींनो, हेच सांगण्यासाठी मी इथवर आले. गेल्या पावसाळ्यात वरच्या वाडीच्या मागच्या उतारावर फट दिसली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. गुरे चारणाऱ्या पोराने ती प्रथम पाहिली. पुढच्या जोरदार पावसाच्या रात्री मंडळाच्या खोलीत नऊ घरची माणसे येऊन झोपली, पाच घरे आली नाहीत. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाचे सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि एका ताईंनी मला स्पष्टच सांगितले, "मी गेले आणि काहीच झाले नाही, तर लोक हसतील." त्या रात्री काही झाले नाही, ही देवाची कृपा. फट अजून तिथेच आहे. चौकशीसाठी अर्ज गेला आहे, तज्ज्ञ माणसे येतील तेव्हा येतील. तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे, असे मला वाटते.

पहिली गोष्ट मोजमापाची. फटीच्या दोन्ही अंगांना, काठापासून थोडे दूर, एकेक पक्की खुंटी ठोकायची. अशा तीन ठिकाणी तीन जोड्या. दर शनिवारी, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी उजेडात, दोघींनी मिळून खुंट्यांमधले अंतर टेपने मोजायचे आणि वहीत तारखेसह लिहायचे. एकटीने जायचे नाही, आणि पाऊस कोसळत असताना तर मुळीच नाही. फट किती रुंद आहे यापेक्षा ती एका आठवड्यात किती वाढली हे महत्त्वाचे. गेल्या आठवड्यात एक बोट आणि या आठवड्यात दोन बोटे, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहायची नाही. ही वही तज्ज्ञांच्या गणितालाही उपयोगी पडेल. जमाखर्चाची वही लिहायची सवय आपल्याला आहे, तेव्हा अवघड काही नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यापूर्वी फटीच्या वरच्या अंगाने चर काढून वरचे पाणी बाजूला काढायचे, आणि फटीचे तोंड चिकणमातीने चोपून बंद करायचे. यात कर्त्या पुरुषांची मदत लागेल, आणि कामाला कसे लावायचे हे मी सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट खुणांची. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, नव्या जागी पाणी फुटले, झाडे किंवा खांब कलले, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या, भिंतीला नवा तडा गेला, डोंगरातून कडकड आवाज आला, तर त्याच क्षणी निघायचे. दिवस आहे की रात्र, स्वयंपाक झाला आहे की नाही, हे पाहायचे नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्या मनाची. त्या ताईंचे बोलणे माझ्या मनातून जात नाही. लोक हसतील, म्हणून घरात बसायचे? दहा वेळा मंडळात येऊन झोपावे आणि दहाही वेळा सकाळी आपापल्या घरी सुखरूप परत जावे, यात हसण्यासारखे काय आहे? आपण विमा भरतो तेव्हा काही झाले नाही म्हणून रडतो का? घरातील बाई उठली की घर उठते. ती "चला" म्हणाली की सासरेबुवाही चादर गुंडाळतात. म्हणून हा निर्णय पुरुषमंडळींवर ढकलून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. माझी सूचना अशी की, जूनपासून सप्टेंबरपर्यंत मंडळाच्या खोलीची एक किल्ली वरच्या वाडीत ठेवावी. खोलीत तांदूळ, डाळ, रॉकेलची बत्ती आणि वीस सतरंज्या तयार असाव्यात. चालता न येणाऱ्या माणसांची यादी करून प्रत्येकासाठी दोन तरुण आधीच नेमावेत. गुरांसाठी शाळेमागचा गोठा मिळेल, तशी मालकांशी बोलणी झाली आहेत. आणि जी घरे येतील त्यांना दुसऱ्या दिवशी कुणी हसायचे नाही, हा ठराव आजच करावा.

माझ्या मुलीला पुष्कळजणी विचारतात, दगडांत डोके घालून हिला काय मिळणार? त्याला मी काय उत्तर द्यावे? ती रात्रभर यंत्रापुढे बसून एका फटीला पावलापावलाने चालवते, ती कुठे वळेल, कुठे थांबेल, कुठे थांबणार नाही, हे पाहते. त्यातून उद्या एखाद्या बोगद्याची, धरणाची, घाटरस्त्याची आखणी थोडी अधिक सुरक्षित होईल. तिचे काम तिने करावे. टेप आणि वही मात्र आपल्या हातात आहे.

पहिल्या शनिवारी खुंट्या ठोकायला कोण कोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. मी माझे नाव दिले आहे.